चीफ इंजिनिअरचा डावा पाय

डोलोरेसबाईंचा उजवा पाय गाडीत होता, डावा जमिनीवर होता आणि त्या स्वतः मध्येच अडकल्या होत्या.

दोन्ही हातांनी त्यांनी स्टिअरिंग व्हील घट्ट धरलं होतं. एक झटका दिला, अर्ध्या वर आल्या आणि पुन्हा खाली. मी तीन फुटांवर क्लिपबोर्ड घेऊन उभी होते. अगदी पडायला लागल्या तरच धरायचं. एरवी मदत करायची नाही, सुचवायचं नाही, चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही, असा नियम होता. माझ्या आईने मला तशी उभी पाहिली असती तर पाठीत धपाटा घातला असता.

तिसऱ्या खेपेला त्यांनी नाद सोडला. पाय खाली घेतला, कोट नीट केला आणि माझ्याकडे वळल्या. वय चौऱ्याहत्तर, उंची माझ्याएवढीच, म्हणजे बेताची. आयुष्यभर शाळेची बस चालवलेली बाई. गाड्यांना घाबरणारी नव्हे.

"हनी, मी आजवर तुमच्या कंपनीच्या पाच सेडान घेतल्या. ती गाडी तुम्ही बंद केलीत. आता मी जायचं कुठे?"

नियमाप्रमाणे मी "थँक यू फॉर युअर फीडबॅक" म्हणायला हवं होतं. मी तेच म्हटलं आणि मला स्वतःचीच लाज वाटली.

हे घडलं डेट्रॉइटजवळच्या एका मोठ्या हॉलमध्ये. आमच्या धंद्यात अशा कार्यक्रमाला क्लिनिक म्हणतात. दवाखान्याशी त्याचा संबंध नाही. गाडी बाजारात यायच्या बरंच आधी बाहेरच्या लोकांना बोलावून त्यांना ती दाखवायची, बसवायचं आणि प्रश्न विचारायचे. गाडीही खरी नसते, बक असतो. बक म्हणजे दार, सीट, स्टिअरिंग, पेडल्स एवढंच असलेला सांगाडा. इंजिन नाही, चाकं नाहीत, पण मापं तंतोतंत. चढायला-उतरायला कसं वाटतं ते त्यावर कळतं, आणि चढणं-उतरणं हाच माझा विषय. कार्डावर 'ऑक्युपंट पॅकेजिंग' असं भारदस्त काहीतरी छापलेलं आहे. नागपूरच्या मैत्रिणींना मी सांगते, माणूस गाडीत कसा शिरतो, कसा बसतो आणि कसा बाहेर पडतो, एवढंच मी बघते. बावीस वर्षं तेवढंच बघते आहे.

त्यातली एकोणीस सेडानवर गेली. सेडान म्हणजे मागे डिकी असलेली आपली साधी कार. अमेरिकेत एके काळी घरोघरी तीच असायची. मग लोकांना उंच गाड्यांचा नाद लागला. उंचावरून रस्ता लांबपर्यंत दिसतो, बर्फात धीर वाटतो, सामान मावतं, आणि शेजाऱ्याने घेतली हेही एक कारण असतंच. पुढे-मागे सगळेच उंच झाले की सेडानमध्ये बसलेल्याला समोरच्या गाडीची नंबरप्लेट सोडून काही दिसत नाही. मग तोही एसयूव्ही घेतो, नाहीतर सरळ पिकअप ट्रक. आमच्या कंपनीने एक दिवस सगळ्यांना कॅफेटेरियात जमवून सांगितलं की सेडान बंद होते आहे. केक आणला होता. तो कशासाठी होता हे मला आजवर कळलेलं नाही.

मला ट्रकवाल्यांच्या मजल्यावर पाठवलं. तिथे माझं नाव पडलं 'द सेडान लेडी'. कौतुकाने नव्हे.

गाडीत बसणं सोपं की अवघड हे मुख्यतः सीटच्या उंचीवर ठरतं. सेडानमध्ये बसणं म्हणजे पाटावर बसणं. बसताना ठीक, उठताना गुडघे बोलतात. मध्यम एसयूव्ही म्हणजे खुर्ची. बूड टेकलं की झालं. म्हणून तर वयस्कर लोकांनाही ती आवडली. पण आम्ही करत होतो ती गाडी तीन रांगांची, ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली. ती खुर्ची नव्हती, माळा होता. माळ्यावर चढायचं तर काहीतरी पायाखाली लागतं आणि काहीतरी हाताला लागतं.

पायाखालच्या त्या वस्तूला रनिंग बोर्ड म्हणतात. दाराखाली आडवी पायरी. हाताला लागतं ते ग्रॅब हँडल, म्हणजे दाराच्या पुढच्या खांबावरची मूठ. आमच्या गाडीच्या महागड्या आवृत्तीत, म्हणजे टॉप ट्रिममध्ये, दोन्ही होतं. पायरी तर अशी की दार उघडलं की आपोआप बाहेर सरकायची आणि बंद केलं की आत जायची. साध्या आवृत्तीत, म्हणजे बेस ट्रिममध्ये, पायरी नाही आणि ड्रायव्हरच्या बाजूला मूठही नाही. पूर्वीच्या मॉडेलमध्येही नव्हती. तेव्हा चाललं, कारण तेव्हा ही गाडी घेणारे लोक ट्रकमधून ट्रकमध्ये जाणारे होते. आता सेडानमधून उतरलेले लोक येत होते.

क्लिनिक संपल्यावर कॉफी असते, तेव्हा बोलायला बंदी नसते. मी डोलोरेसबाईंना गाठलं आणि विचारलं, "छोटी एसयूव्ही का नाही बघत तुम्ही?"

"मी चर्चमधल्या पाच जणींना डॉक्टरकडे नेते. दोघी डायलिसिसवर आहेत. सेडानमध्ये दोन खेपा होतात. एक खेप झाली की दुसरी बॅच थंडीत उभी." त्या हसल्या. "आणि त्यांच्यात मी तरुण आहे, बरं का."

मिशिगनच्या थंडीत उभं राहणं काय असतं ते मला माहीत आहे. मी ठरवलं की बेस ट्रिममध्ये पायरी आणि मूठ आणायचीच. डिझाइन फ्रीझला सोळा दिवस होते. फ्रीझ झालं की पत्रे दाबायचे पोलादी साचे बनायला जातात आणि पुढची सहा-सात वर्षं गाडी तशीच निघत राहते. त्यानंतर बोलणं म्हणजे वरातीमागून घोडं.

शुक्रवारी मी चीफ इंजिनिअरसमोर बसले. त्याचं नाव रिक. एकसष्ट वर्षांचा, सहा फूट दोन इंच, डावा गुडघा बदललेला. आवाज असा की कॉन्फरन्स रूमचं दार लावूनही उपयोग नाही. माणूस खोटा नव्हता, पण जन्मच ट्रकमध्ये झाला असावा. आम्ही अर्थात इंग्रजीत बोलत होतो. मी ते मराठीत सांगते आहे, शिव्या गाळून.

"रिक, बेस ट्रिममध्ये लोकांना चढता येत नाहीये."

"कोणत्या लोकांना?"

"सेडानवाल्यांना. आपण त्यांनाच बोलावलं होतं. मार्केटिंगला तेच हवे आहेत." मी डोलोरेसबाईंबद्दल सांगितलं. डायलिसिसबद्दलही.

"सुजाता, माझा हा गुडघा धातूचा आहे." त्याने गुडघ्यावर टकटक केलं. "मी रोज याच गाडीत चढतो-उतरतो. मला कधी काही त्रास झाला नाही. तुझी ती बाई आउटलायर आहे."

आउटलायर म्हणजे आलेखावरचा तो ठिपका, जो बाकीच्यांपासून लांब पडतो. तो पुसला की आलेख छान दिसतो.

"तक्रारी कुठे आहेत?" रिकने विचारलं. "एवढी वर्षं ही गाडी विकतोय. डीलरकडून पायरीची एक तक्रार दाखव."

"जो चढूच शकला नाही तो तक्रार कशाला करेल? तो समोरच्या शोरूममध्ये जातो."

"पुरावा?"

पुरावा नव्हता. जो माणूस आला नाही त्याचा पुरावा कुठून आणणार? रिकने घड्याळाकडे पाहिलं. मीटिंग संपली. बाहेर पडताना कोणीतरी म्हणालं, "सेडान लेडीला सगळंच उंच वाटतं." दोघे-तिघे हसले. माझ्या कानांतून धूर निघत होता.

दोन दिवस मी घरात सगळ्यांवर खेकसले. नवऱ्याने शहाणपणाने बेसमेंट गाठलं. रविवारी आमची बुद्धवंदना होती. नोव्हाय या गावाजवळ एका कम्युनिटी सेंटरचा हॉल घेऊन महिन्यातून एकदा आम्ही जमतो. वंदना, मग कोणाचं तरी भाषण, मग जेवण. भाषण लांबलं तर मुलं आपली आपली जेवणाच्या टेबलाकडे सरकतात.

त्या दिवशी पार्किंगमध्ये प्रशांत गाडी लावत होता. प्रशांत एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. त्याची आई, वत्सलाकाकू, नागपूरहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. त्याची गाडी म्हणजे आमचीच तीन रांगांची, सध्याचं मॉडेल, बेस ट्रिम. प्रशांतने मागचं दार उघडलं, डिकीतून प्लास्टिकचं स्टूल काढलं, बर्फावर ठेवलं आणि काकूंना हात धरून त्यावर उतरवलं. साडी, वर जाडजूड जॅकेट, पायात स्पोर्ट्स शूज. उतरून झाल्यावर काकू म्हणाल्या, "जय भीम, पोरी. बसमधून उतराले एवढा त्रास नाही होत, जेवढा याच्या गाडीतून होते."

मी स्टूलकडे बघत राहिले. न्हाणीघरातलं स्टूल, आमच्या कंपनीच्या गाडीची पायरी म्हणून. अभिमान वाटावा असं दृश्य नव्हतं.

जेवणं झाल्यावर प्रशांत आवराआवरीला थांबणार होता, म्हणून काकूंना नितीनने घरी सोडायचं ठरलं. नितीन आमच्याच कंपनीत मॅनेजर आहे. त्याची गाडीही तीच, रंगही तोच, पण टॉप ट्रिम. मी त्यांच्याबरोबर बाहेर आले. काकू गाडीपाशी जाऊन थांबल्या.

"नितीन, स्टूल आण बाबू."

"स्टूल कशाला काकू?" नितीनने दार उघडलं. दाराखालून पायरी सरसर बाहेर आली.

"अगं माय! हिले पाय फुटले!" काकू दोन पावलं मागे सरल्या. मग वाकून पाहिलं, एक पाय ठेवून दाबून पाहिला, आणि कोणाचा हात न धरता चढून बसल्या. बसल्यावर माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "प्रशांतची बी हेच गाडी आहे ना? मग त्याच्या गाडीले हे काहून नाही?"

"प्रशांतने आपली आपण विकत घेतली काकू. मला कंपनी देते," नितीन म्हणाला आणि दार लावलं. पायरी आत गेली.

मी तशीच थंडीत उभी राहिले. बेस आणि टॉप यांत काय फरक आहे हे मला माहीत नव्हतं असं नाही. ते माझंच काम. पण रिक खोटं बोलत नव्हता हे तोवर माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. तो म्हणाला, 'मी रोज याच गाडीत चढतो.' त्याला खरंच तसं वाटत होतं.

माझे बाबा रेल्वेत फिटर होते. ते म्हणायचे, मशीनचं दुखणं मशीनला विचारावं, साहेबाला नाही. सोमवारी सकाळी मी ऑफिसात शिरण्याआधी पार्किंग लॉटमध्ये फिरले. आमच्याकडे पद्धत अशी की मॅनेजर आणि त्याच्या वरच्यांना कंपनी दर वर्षी नवी गाडी लीजवर देते. वर्षभर चालवायची, परत करायची, पुढची घ्यायची. मला ते कधी लागू नव्हतं. मी माझी जुनी सेडान चालवत होते, जिच्या दाराची मापं मीच काढली होती. त्या दिवशी पहिल्यांदा मी प्रत्येक गाडीच्या दाराखाली वाकून पाहिलं. सिक्युरिटीवाला येऊन विचारून गेला की काही हरवलंय का. सगळ्या गाड्यांना सरकती पायरी. एकही बेस ट्रिम नाही.

वर जाऊन नितीनकडून लीजचा फॉर्म मागून घेतला. त्यावर दोन पर्याय होते. टॉप ट्रिम, आणि तिच्याहून वरची. तिसरा चौकोनच नव्हता. ज्या लोकांच्या सहीने बेस ट्रिम ठरते त्यांच्यापैकी एकानेही ती कधी चालवली नव्हती, आणि ठरवलं असतं तरी त्यांना ती मिळाली नसती. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे, म्हणतात. यांना त्या वंशाला जायचा रस्ताच बंद होता.

आता बेस ट्रिम आणायची कुठून? प्रशांतची मागितली असती तर त्याने दिली असती, पण काही ओरखडा आला तर? संध्याकाळी मी स्वयंपाकघरात हे सगळं मोठ्याने बोलत होते. माझी सोळा वर्षांची यशोधरा टेबलावर होमवर्क करत होती. ती मान वर न करता म्हणाली, "मॉम, जस्ट रेंट वन. रेंटल कार्स आर ऑलवेज द सॅड व्हर्जन."

मुलीला जन्म दिल्याचं सार्थक झालं.

डेट्रॉइट एअरपोर्टच्या काउंटरवर त्या माणसाने मला तीनदा अपग्रेड देऊ केलं. फुकट. शेवटी तो म्हणाला, "मॅम, तुम्हाला नक्की ही साधीच हवी आहे?" मी म्हटलं, "जेवढी साधी असेल तेवढी." आमच्याच मॉडेलची पांढरी गाडी मिळाली. रिकचीही पांढरीच होती.

दर गुरुवारी आम्ही पाच जण टेस्ट ट्रॅकवर जायचो. गाडी नेहमी रिकची आणि चालवायची रिकनेच. दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग असेल तर त्याचा उजवा पाय रिकामाच ब्रेक दाबत राहतो. त्या गुरुवारी मी रेंटल दारासमोर आणून लावली आणि किल्ली त्याला दिली. "आज ही घेऊन जाऊ या. मला एक गोष्ट दाखवायची आहे."

"शुअर," तो म्हणाला. त्याच्या उजव्या हातात कॉफी होती आणि तो मागे वळून कोणाला तरी आइस फिशिंगची, म्हणजे गोठलेल्या तळ्यात मासे धरण्याची, हकिकत सांगत होता. हकिकत न थांबवता त्याने डाव्या हाताने दार उघडलं आणि डावा पाय उचलून पायरीवर ठेवला.

पायरी नव्हती.

पाय हवेतून सरळ खाली जमिनीवर आपटला. नडगी दाराच्या उंबऱ्यावर. सहा फूट दोन इंचांचा माणूस सीटवर पोटावर आडवा, आणि कॉफी सीटवर, स्टिअरिंगवर, छतावर आणि शर्टवर. मासा हातातून कसा निसटला हे सांगायचं राहूनच गेलं.

खरं सांगते, हे मला अपेक्षित नव्हतं. मला वाटलं होतं तो थांबेल, बघेल, चढायला अवघड आहे म्हणेल, आणि मग मी माझे मुद्दे मांडेन. पण आपटला तो डावा पाय. तोच गुडघा होता. मी धावले.

"गुडघा! रिक, गुडघा ठीक आहे का?"

"गुडघा ठीक आहे. शर्ट गेला." तो उठून उभा राहिला. वाकून दाराखाली पाहिलं. मग दार लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा खाली पाहिलं. "पायरीची मोटर गेलेली दिसते. सर्व्हिसला सांगा."

"मोटर गेलेली नाही," मी म्हटलं. "पायरीच नाहीये. ही बेस ट्रिम आहे."

"कोणाची?"

"आपली. तुझ्या सहीची."

कोणी हसलं नाही. पुढच्यास ठेच मागचा शहाणा, असं आपल्याकडे म्हणतात. इथे मागच्या तिघांनी चटकन आपापल्या पायांखाली पाहिलं. रिक दाराच्या चौकटीकडे बघत होता. मूठ शोधायला त्याचा डावा हात खांबावर वर-खाली फिरला. तिथे नुसतं गुळगुळीत प्लास्टिक. मग त्याने डोलोरेसबाईंनी केलं होतं तेच केलं. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं आणि स्वतःला वर ओढलं. तो चढला, पण चेहरा लाल झाला. उतरला. पुन्हा चढला. तिसऱ्यांदा चढून तसाच, कॉफीने भिजलेल्या सीटवर, बसून राहिला.

"तू मला पाडलंस," तो म्हणाला.

"मी पाडलं नाही. मी फक्त तीच गाडी आणली, जी आपण विकतो."

"चढा सगळे," तो बाकीच्यांना म्हणाला.

 टेस्ट ट्रॅकवर पोचल्यावर रिकने गाडी चाचणीला न नेता बाजूला लावली आणि प्रत्येकाला ड्रायव्हरच्या दाराने पाच-पाच वेळा चढायला-उतरायला लावलं. मला 'सगळंच उंच वाटतं' म्हणणारा गृहस्थ चौथ्या वेळेला धापा टाकत होता. मी त्याच्याकडे पाहून नम्रपणे मान डोलावली. मी काही संत नाही.

परतताना रिकने विचारलं, "फ्रीझला किती दिवस आहेत?"

"आठ."

"पायरी फिक्स्ड चालेल. सरकती नको, मोटर नको. ते मी करून घेतो. मूठ तुझी. पण त्या खांबात एअरबॅग आहे, माहीत आहे ना?"

माहीत होतं. खरी मेख तीच होती. दाराच्या त्या खांबाच्या वरच्या भागात पडद्यासारखी एअरबॅग घडी घालून ठेवलेली असते. अपघातात ती डोळ्याचं पातं लवायच्या आत खाली उलगडते. तिच्या वाटेत मूठ आली तर ती अडेल. टॉप ट्रिमच्या मुठीसाठी त्या खांबाचं आतलं पोलाद वेगळं केलं होतं. बेसला ते नव्हतं आणि आठ दिवसांत बदलणं शक्य नव्हतं. मूठ होती त्या जागी बसणार नव्हती.

मग ती जागा तरी कोणी ठरवली होती? कंप्युटरमधल्या बाहुलीने. आमच्याकडे वेगवेगळ्या मापांच्या बाहुल्या असतात. सगळ्यात छोटीला फिफ्थ पर्सेंटाइल म्हणतात, म्हणजे शंभर बायका उंचीप्रमाणे उभ्या केल्या तर बुटक्या बाजूने पाचवी. त्या रांगेत मी तिच्याही अलीकडे उभी असेन. पण बाहुलीला खांदा दुखत नाही, थंडीचं जॅकेट घालावं लागत नाही. तिचा हात सांगाल तितका वर जातो.

मी डोलोरेसबाईंना फोन केला. सोमवारी त्या आल्या. या वेळी क्लिपबोर्ड घेतला नाही. बकच्या खाली लाकडी फळी ठोकून पायरी केली होती. मी म्हटलं, "मूठ आहे असं समजा आणि चढा. हात जिथे जाईल तिथे जाऊ द्या." त्यांनी जाड कोट घालूनच पाय ठेवला आणि हात खांबावर टेकवला. मी तिथे टेप चिकटवली. पुन्हा चढल्या, पुन्हा तीच जागा. दहा वेळा चढल्या आणि दहाही वेळा टेपवरच हात.

बाहुलीने सांगितलेल्या जागेपेक्षा ती चार बोटं खाली होती.

चार बोटं खाली म्हणजे एअरबॅगच्या वाटेच्या बाहेर. आणि तिथे, डॅशबोर्डच्या आडव्या तुळईच्या टोकाला, बेस ट्रिममध्येही आधीपासूनच जाड पोलाद होतं. एवढी वर्षं ती जागा रिकामी होती. तिथे कोणाचा हात जातो का, हे कोणी पाहिलंच नव्हतं. मीही नव्हतं पाहिलं, हेही सांगितलं पाहिजे.

पुढचे तीन दिवस मी आणि एअरबॅगचे लोक एकमेकांच्या मानगुटीवर बसलो. त्यांनी कंप्युटरवर एअरबॅग फोडून पाहिली, उन्हाळ्याच्या तापमानात, गोठलेल्या तापमानात, बुटक्या ड्रायव्हरला धरून, उंचाला धरून. पडदा मुठीला शिवला नाही. मी मुठीवर शंभर किलोच्या माणसाने लोंबकळावं इतका भार टाकला. हलली नाही. फ्रीझच्या आदल्या दिवशी दुपारी रिकने ड्रॉइंगवर सही केली. सही करताना म्हणाला, "टॉप ट्रिमचीही मूठ खाली घ्या. तिथली जागा चुकीचीच होती."

तो वाक्य पुरं करून निघून गेला. त्याने दुसऱ्याच्या कामाची केलेली ती सगळ्यात मोठी स्तुती होती, असं नंतर मला त्याच्या सेक्रेटरीने सांगितलं.

शेवटचं क्लिनिक झालं तेव्हा बकवर खरी मूठ आणि खरी पायरी होती. डोलोरेसबाई आल्या. डावा हात मुठीवर, डावा पाय पायरीवर, उजवा आत, बसल्या. बसून इकडे-तिकडे पाहिलं आणि मला म्हणाल्या, "कप होल्डर जरा छोटा नाही का?"

बाजूच्या मार्केटिंगच्या मुलीचा चेहरा पडला. ती मुठीबद्दल काहीतरी छान ऐकायला थांबली होती. मला मात्र नाचावंसं वाटलं. माझ्या कामात यश म्हणतात ते हेच. माणूस चढतो, बसतो, आणि आपण चढलो हे त्याच्या लक्षातही राहत नाही.

ती गाडी आता रस्त्यावर आहे. बेस ट्रिमपासून सगळ्यांत मूठ आणि पायरी आहे. जाहिरातीत त्याचा उल्लेख नाही. तिथे गाडी अजून डोंगराच्या टोकावर उभी असते, जिथे डायलिसिस सेंटर नसतं. डोलोरेसबाईंनी घेतली. सहा जणी एका खेपेत जातात. मध्यंतरी नोव्हायच्या एका ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये मी एका अनोळखी आजोबांना त्या मुठीला धरून चढताना पाहिलं. दुसऱ्या हातात फोन, आणि फोनवर बायकोशी वाद चाललेला, तोही न थांबवता. मी भाजीची कार्ट धरून तिथेच उभी राहिले. ऊर भरून येणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. नागपूरच्या फिटरच्या मुलीने मिशिगनमधल्या ट्रकला लावलेली मूठ आहे ती. मला तिचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

रिक गेल्या वर्षी रिटायर झाला. जाण्याआधी त्याने लीजच्या फॉर्मवर तिसरा चौकोन छापून घेतला आणि नियम केला: वर्षातला एक महिना प्रत्येक मॅनेजरने बेस ट्रिम चालवायची. सुटका नाही, गुडघ्याचं सर्टिफिकेट आणलं तरी. नियम निघाल्यापासून बेस ट्रिमची सीट, हेडलाइट आणि वायपर तिन्ही सुधारले आहेत. त्यासाठी कोणतंही क्लिनिक घ्यावं लागलं नाही.

बावीस वर्षांत मी शिकले ते एवढंच. साहेब म्हणाला की 'मला तर कधी त्रास झाला नाही', तर त्याच्याशी वाद घालू नये. तो खरंच बोलत असतो. त्याच्या पायाखाली आपोआप काय सरकून येतं ते शोधावं, आणि एक दिवस ते येऊ देऊ नये.